जेट स्की घेतली? पाण्यात उतरवण्याआधी रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स असा करून घ्या

जेट स्की घेतल्यावर पहिले काही दिवस डोक्यात फक्त पाणीच असतं, कधी एकदा उतरवतो आणि थ्रॉटल दाबतो असं होतं, कागदपत्रांचं नंतर बघू असं सगळेच म्हणतात, मीपण म्हटलं होतं. मग एक दिवस मशीन पाण्यातच बंद पडलं, मित्राने त्याच्या बोटीमागे दोरी बांधून किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं, अंधार पडायला आला होता म्हणून जरा जोरातच ओढलं, आणि त्या ओढण्यात पाणी उलटं इंजिनात शिरलं. पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, तरी क्लेम तीन महिने अडकून पडला, कारण पॉलिसीवर मशीनच्या नंबरात एका ठिकाणी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झाला होता आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर शून्य होता. इन्शुरन्सवाल्यांच्या हिशोबाने ती दोन वेगळी मशीन्स. पैसे शेवटी मिळाले पण तोवर सीझन संपला. तेव्हापासून मला कोणी विचारलं की मी आधी हेच सांगतो, हलवर, म्हणजे मशीनच्या बोटीसारख्या मुख्य सांगाड्यावर, कोरलेला नंबर हा मूळ पुरावा, बाकीचे सगळे कागद त्याच्यावरून बनतात, आणि ते अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत.

आता सुरुवातीपासून सांगतो.

जेट स्की हे खरं तर कावासाकीचं ब्रँड नाव आहे, यामाहाचं वेव्हरनर आणि बीआरपीचं सी-डू. बोलताना आपण सगळ्यांनाच जेट स्की म्हणतो, त्यात काही बिघडत नाही, पण फॉर्म भरताना मेक आणि मॉडेलच्या रकान्यात मशीनवर जे छापलंय तेच लिहायचं आणि प्रकाराच्या रकान्यात पर्सनल वॉटरक्राफ्ट. युरोपच्या नियमात याची व्याख्या अगदी स्पष्ट आहे: लांबी ४ मीटरपेक्षा कमी, पुढे ढकलण्याचं मुख्य काम वॉटर जेट पंपाचं, आणि चालवणारा हलच्या आत नाही तर हलच्या वर बसून, उभं राहून किंवा गुडघ्यावर टेकून चालवतो. व्याख्या सांगायचं कारण म्हणजे बरेच लोक याला पाण्यावरचं खेळणं समजतात आणि रजिस्ट्रेशन लागतच नाही असं धरून चालतात. बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत ही बोट आहे, इंजिन असलेली बोट, म्हणून बोटीचे नियम हिला लागतात, आणि वर बऱ्याच ठिकाणी खास जेट स्कीचे वेगळे नियमही असतात, सूर्यास्तानंतर चालवायची नाही वगैरे.

आता तो नंबर. याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात, थोडक्यात एचआयएन. चारचाकीला जसा चासी नंबर तसा हा. बहुतेक मशीन्सवर मागच्या बाजूला, जिथून आपण पाण्यातून वर चढतो त्या प्लॅटफॉर्मच्या आसपास किंवा पाय ठेवायच्या जागेच्या मागच्या टोकाला सापडतो. इंजिनचा नंबर वेगळा असतो, तो सीटखाली इंजिनवर, आणि या दोघांची अदलाबदल फॉर्मवर इतकी होते की काही विचारू नका. एचआयएनची प्लेट मीठ, वाळू आणि पायाच्या घासण्याने झिजलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च समोरून न मारता बाजूने आडवा धरा म्हणजे कोरलेल्या कडांची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासतो, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तसं. ती छाप फाईलमध्ये ठेवून द्यायची, फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नंबर वाचायचीही एक पद्धत आहे आणि ती मला आधी माहीत असती तर माझे तीन महिने वाचले असते. मूळ नंबर १२ खुणांचा, खूण म्हणजे एक अक्षर किंवा एक आकडा. पहिली ३ अक्षरं बनवणाऱ्या कंपनीचा कोड. पुढच्या ५ खुणा म्हणजे सिरियल नंबर, आणि या पाचांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायचीच नाहीत असा अमेरिकेचा नियम आहे, गोंधळ होऊ नये म्हणूनच. म्हणजे त्या पाचांत गोल दिसलं की ते शून्य आणि उभी रेघ दिसली की एक. नववी खूण महिन्याची आणि ती कायम अक्षरच असते, ए म्हणजे जानेवारी आणि तिथून एल म्हणजे डिसेंबर, त्यामुळे इथे मात्र उभी रेघ दिसली तर तो आय, म्हणजे सप्टेंबर, एक नाही. दहावी खूण कायम आकडा, बनवलेल्या वर्षाचा शेवटचा. शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्ष. समजा शेवटच्या चार खुणा आय, ४, २, ५ अशा आहेत, तर मशीन सप्टेंबर २०२४ मध्ये बनलं आणि मॉडेल २०२५ चं. विकणारा २०२६ चं मॉडेल म्हणून पैसे मागत असेल तर इथेच कळतं. इन्शुरन्सची किंमतसुद्धा मॉडेल वर्षावर ठरते, म्हणून फॉर्मवर खरेदीचं वर्ष लिहू नका.

काही मशीन्सवर या बाराच्या आधी देशाचा दोन अक्षरी कोड आणि आडवी रेघ असते. तीपण नंबराचाच भाग आहे. फॉर्मवर १२ च खाने असले तर कोड कुठे लिहायचा ते काउंटरवर विचारा आणि मग दोन्हीकडे, म्हणजे रजिस्ट्रेशन आणि पॉलिसी दोन्हीवर, एकाच पद्धतीने लिहा. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींना एचआयएन सक्तीचा आहे आणि १९८४ पासून त्याची दुसरी प्रत हलवर न दिसणाऱ्या जागी लपवलेली असते. चोराने बाहेरची प्लेट बदलली तरी आतली राहते. म्हणून सेकंडहँड घेताना प्लेटच्या कडेला नवीन रिव्हेट, ताजा रंग, खरवडल्याच्या खुणा, गोंदाचे ओघळ असं काही दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवायचा. मशीन चोरीचं निघालं तर ते जाणार आणि पैसेही जाणार.

सेकंडहँडबद्दल अजून एक. विकणाऱ्याच्या नावावरच रजिस्ट्रेशन आहे का बघा, भावाच्या नावावर आहे, कंपनीच्या नावावर आहे, तो बाहेरगावी आहे, नंतर सही आणून देतो, असलं काही ऐकून घेऊ नका. कर्ज बाकी आहे का विचारा, आणि असेल तर कर्ज देणाऱ्याकडून फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, कारण कर्ज माणसाबरोबर जात नाही, बऱ्याचदा मशीनबरोबरच येतं. विक्रीच्या कागदावर दोघांची नावं आणि सह्या, एचआयएन, इंजिन नंबर, मेक, मॉडेल वर्ष, रक्कम आणि तारीख हे तर हवंच, पण मी वेळही लिहायला लावतो. सकाळी त्याने चालवताना कोणाला धडक दिली असेल आणि दुपारी मी घेतली असेल तर फक्त तारखेवरून कोण मालक होता ते सिद्ध होत नाही.

रजिस्ट्रेशन कुठे करायचं हे जागेप्रमाणे बदलतं. कुठे वाहतूक खातं बघतं, कुठे बंदर किंवा सागरी खातं, कुठे बोटींसाठी वेगळं ऑफिस असतं, आणि काही ठिकाणी तलाव किंवा धरणाचं पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा परवाना वेगळा काढावा लागतो. त्यामुळे पहिला फोन करताना दोन प्रश्न विचारायचे: मशीन कोणाकडे नोंदवायचं, आणि मी ज्या पाण्यात उतरवणार आहे तिथे अजून कोणाची परवानगी लागते. दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि मग रॅम्पवरून परत येतात.

काही ठिकाणी मालकीचा कागद आणि रजिस्ट्रेशन असे दोन वेगळे प्रकार असतात. मालकीचा कागद सांगतो मशीन कोणाचं, रजिस्ट्रेशन सांगतं की ते पाण्यात चालवायला परवानगी आहे आणि ती कधीपर्यंत. रजिस्ट्रेशन ठरावीक काळाने रिन्यू करायचं असतं, मालकीचा कागद विकेपर्यंत तसाच राहतो. दोन्ही काढा, एकावर भागवू नका. नवीन मशीन असेल तर डीलरकडून बिल आणि बनवणाऱ्या कंपनीचं मूळ प्रमाणपत्र मागून घ्या, बाहेरून आणलेलं असेल तर कस्टम भरल्याची पावती, आणि युरोपात सीई मार्क, म्हणजे मशीन तिथल्या नियमांत बसतं याची खूण, आणि त्यासोबतचं अनुरूपतेचं घोषणापत्र, म्हणजे तेच बनवणाऱ्याने लेखी दिलेलं. डीलर म्हणतो आम्हीच सगळं करून देतो, चांगली गोष्ट आहे, करू द्या, पण भरलेला फॉर्म सबमिट व्हायच्या आधी स्वतः वाचायचा आणि पेन्सिलची छाप शेजारी ठेवून नंबर एकेक खूण करत तपासायचा. आणि सर्टिफिकेट आलं की परत तोच तपास, कारण फॉर्म बरोबर असून छापताना चूक होते. पहिल्या आठवड्यात सापडलेली चूक एका अर्जात दुरुस्त होते, क्लेमच्या वेळी सापडली तर तीच चूक संशय बनते.

रजिस्ट्रेशनचा नंबर मिळाला की तो हलवर लावायचा, आणि इथे लोक फार घाई करतात. अमेरिकेचा नियम उदाहरण म्हणून घेतो कारण तो मोजूनमापून लिहिलेला आहे: हलच्या पुढच्या अर्ध्या भागात, दोन्ही बाजूंना, डावीकडून उजवीकडे वाचता येईल असा, साधी ठळक अक्षरं, उंची कमीत कमी ३ इंच, हलच्या रंगावर उठून दिसणारा, आणि अक्षरांच्या व आकड्यांच्या गटांमध्ये जागा किंवा आडवी रेघ. तुमच्याकडे माप वेगळं असेल, ते बघून घ्या. जेट स्कीची अडचण अशी की पुढचा भाग वक्र असतो, ग्राफिक्सने भरलेला असतो आणि काही तुकडे काढता-घालता येणारे असतात. निघणाऱ्या तुकड्यावर नंबर लावू नका, तो तुकडा बदलला की नंबर गेला. आधी जागा साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण पॉलिश आणि सिलिकॉन स्प्रेचा थर असला की स्टिकर पहिल्या फेरीतच निघून येतो. मास्किंग टेपची एक सरळ रेघ मारून घ्या, नंबर त्याच्यावर टेकवून मधून बाहेर दाबत लावा, आणि निदान एक दिवस पाण्यात उतरवू नका. रजिस्ट्रेशनचा कागद वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून मशीनच्या कप्प्यात ठेवायचा, घरी कपाटात नाही, तपासणी पाण्यात होते.

ट्रेलर आठवणीने. ट्रेलर हे रस्त्यावरचं वाहन आहे, बऱ्याच ठिकाणी त्याचं रजिस्ट्रेशन आणि नंबर प्लेट वेगळी असते आणि जेट स्कीच्या पॉलिसीत तो आपोआप येत नाही.

इन्शुरन्स घेताना एक पेच हमखास येतो. रजिस्ट्रेशनवाले म्हणतात इन्शुरन्स दाखवा आणि इन्शुरन्सवाले म्हणतात रजिस्ट्रेशन नंबर द्या, आणि माणूस दोन काउंटरच्या मध्ये फिरत राहतो. यातून सरळ वाट अशी की पॉलिसी आधी एचआयएनवर घ्यायची, रजिस्ट्रेशन नंबरचा रकाना प्रलंबित ठेवायला सांगायचं, आणि सर्टिफिकेट आलं की एन्डोर्समेंट करून नंबर चढवायचा. एन्डोर्समेंट म्हणजे चालू पॉलिसीत केलेली लेखी दुरुस्ती. फोनवर "हो सर, अपडेट केलं" असं सांगितलं की झालं असं समजू नका, दुरुस्तीचा कागद किंवा मेल आला पाहिजे. आणि पॉलिसी ज्या क्षणी मशीन तुमच्या ताब्यात येतं त्या क्षणापासून चालू हवी, घरी आणतानाच ट्रेलरवरून पडलं तर काय.

घराच्या पॉलिसीत बोट येते असं काही जण सांगतात. येते ती बहुतेक वेळा छोटी, कमी ताकदीची, आणि जेट स्की हॉर्सपॉवरच्या मर्यादेतच बसत नाही किंवा नाव घेऊन वगळलेली असते. वेगळी पॉलिसी घ्या.

पॉलिसीत सगळ्यात आधी बघायची ती थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर मिळणारी, रक्कम, मशीनची किंमत नंतर. मशीन बुडालं तर मशीनचे आणि ते वर काढायचे पैसे जातील, पण पोहणाऱ्या माणसाला धडक बसली तर दवाखाना, कोर्ट, भरपाई, हे आयुष्यभर पुरतं. साध्या जेट स्कीला ब्रेक नसतो हे लक्षात घ्या, आणि अशा मशीनमध्ये थ्रॉटल सोडला की जेटचा जोर जातो आणि त्याबरोबर वळवायची ताकदही जाते, म्हणजे घाबरून हात सोडला की मशीन सरळच जातं. अपघात तिथेच होतात. म्हणून थर्ड पार्टीची रक्कम परवडेल तेवढी मोठी घ्या, ती वाढवायला हप्ता मानाने कमी वाढतो. मागे बसणाऱ्याला कव्हर आहे का, ट्यूब किंवा स्की ओढताना त्यावरच्या माणसाला आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि वेगवेगळे विचारायचे.

मग मशीनची किंमत. दोन प्रकार असतात. एकात पॉलिसी घेतानाच रक्कम ठरते आणि मशीन पूर्ण गेलं तर तेवढी मिळते, याला अ‍ॅग्रीड व्हॅल्यू म्हणतात. दुसऱ्यात त्या दिवशीची बाजारातली किंमत, घसारा वजा करून. दुसरा स्वस्त पडतो, पण जेट स्कीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते आणि कर्ज तेवढ्या वेगाने उतरत नाही, त्यामुळे मशीन गेलं, पैसे आले आणि तरी कर्ज शिल्लक राहिलं असं होऊ शकतं. नवीन आणि कर्जावरचं असेल तर अ‍ॅग्रीड व्हॅल्यूच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं, रोख घेतलेलं असेल तर दुसरा प्रकार चालतो.

यानंतर वगळलेल्या गोष्टींचं पान, आणि हे पान चहा घेऊन बसून सावकाश वाचायचं. नेहमीची झीज, गंज, इम्पेलर (जेट पंपातला फिरणारा पंखा) आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं कडं) वाळू-खड्यांनी घासली जाणं हे साधारणपणे देत नाहीत. थंड प्रदेशात आत राहिलेलं पाणी गोठून इंजिन फुटणं बऱ्याचदा वगळलेलं असतं. रेस वगळलेली. भाड्याने देणं वगळलेलं, आणि इथे भाड्याचा अर्थ ते मोठा घेतात, मित्राने पेट्रोलपेक्षा जास्त पैसे दिले तरी वाद होऊ शकतो. कोण चालवणार त्यांची नावं द्यावी लागतात का, वयाची अट आहे का, हे बघा, कारण वीकेंडला मशीन आपल्यापेक्षा भाचे-पुतणेच जास्त चालवतात. चोरीच्या कलमात कुलपाची अट असते, ट्रेलरच्या हिचला, म्हणजे गाडीला जोडायच्या टोकाला, लॉक, चाकाला लॉक, किंवा बंद आवारात. लॉकची पावती आणि लावलेल्या लॉकचा फोटो ठेवून द्या. काही पॉलिसीत ले-अप असतो, म्हणजे ठरावीक महिने मशीन पाण्याबाहेर राहील या बोलीवर हप्ता कमी, आणि त्या महिन्यांत एक दिवस जरी उतरवलं आणि काही झालं तरी कंपनीचे हात वर. कुठल्या पाण्यात चालेल याची हद्दही असते, तलावासाठी घेतलेली पॉलिसी समुद्रात चालेलच असं नाही.

ओढून आणायचा खर्च आणि बुडालेलं मशीन वर काढायचा खर्च हे दोन वेगळे. पहिला टोइंगमध्ये, दुसरा रेक रिमूव्हलमध्ये. बुडालेलं मशीन तसंच सोडून देता येत नाही, काढायला लावतात, आणि तेल सांडलं तर त्याच्या सफाईचंही बिल येतं. दोन्ही कलमं आहेत का ते विचारून घ्या.

ओढण्यावरून माझ्या अनुभवाचं सांगतो, कारण कागद कितीही पक्के असले तरी इथे चूक झाली की नुकसान आपलंच. बंद पडलेलं मशीन पाण्यात ओढताना एकदम हळू, मॅन्युअलमध्ये वेग दिलेला असतो तो पाळायचा, आणि मॅन्युअल सांगत असेल तर कूलिंगचा पाइप क्लॅम्पने बंद करायचा. इंजिन बंद असताना जोरात ओढलं की जेट पंपाकडून पाणी ढकललं जाऊन एक्झॉस्टच्या वाटेने इंजिनात शिरतं. मशीन उलटं झालं तर मागे स्टिकर असतो कुठल्या बाजूने सरळ करायचं त्याचा, त्याच बाजूने करायचं, उलट केलं तर पाणी इंजिनात जाऊ शकतं. आत खारं पाणी गेलंच असेल तर उद्या बघू म्हणून ठेवू नका, मेकॅनिकला त्याच दिवशी दाखवा, कारण काही तासांत आत गंज धरायला लागतो, आणि पॉलिसीत नुकसान वाढू नये म्हणून शक्य ते करायची जबाबदारी मालकावर टाकलेली असते. आधी फोटो, मग कंपनीला कळवणं, मग मेकॅनिक, पण हे तिन्ही एकाच दिवसात. उघडलेला पार्ट फेकू नका, सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, बघून जाईपर्यंत पिशवीत राहू द्या.

हप्ता कमी करायचा असेल तर चालवण्याचा कोर्स करून सर्टिफिकेट जोडा, बऱ्याच कंपन्या सूट देतात, आणि खरं सांगायचं तर कोर्स सूट नसती तरी करायलाच हवा. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये आपल्या खिशातून जाणारी पहिली रक्कम, वाढवली की हप्ता उतरतो, पण उद्या लगेच काढून देता येईल एवढीच ठेवा. बाहेरून बसवलेला फिशफाइंडर, स्पीकर, कव्हर, यांची बिलं देऊन यादी पॉलिसीत चढवा, नाहीतर ते मशीनचा भाग धरले जात नाहीत. आणि इंजिनात ताकद वाढवायचं काही काम केलंत तर कंपनीला आधी कळवा.

पुढे कधी मशीन विकलंत तर रजिस्ट्रेशनच्या ऑफिसला विकल्याचं स्वतः लेखी कळवा, घेणारा करेल यावर सोडू नका, कारण ट्रान्सफर होईपर्यंत त्यांच्या रेकॉर्डला नाव तुमचंच असतं आणि त्याने कुठे धडक दिली तर पहिली नोटीस तुमच्या दारात येते. तो नंबर मशीनबरोबर जातो की नाही तेही तिथेच विचारा आणि जात नसेल तर हेअर ड्रायरने गरम करून दोन्ही बाजूंचे स्टिकर काढून घ्या. पॉलिसी मात्र ट्रान्सफरची पावती हातात आल्यावरच बंद करायची, एक दिवससुद्धा आधी नाही.